बार्शी लाइट आणि माथेरान: दोन्ही नॅरोगेज, पण एक नव्हेत

पुण्याहून नॅरोगेज बघायला निघालात तर दोन वाटा आहेत: सोलापूरच्या बाजूला कुर्डुवाडी (इथली बार्शी लाइट आता धावत नाही) आणि मुंबईच्या बाजूला नेरळ. बार्शी लाइट रेल्वेचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 762 मिमी, म्हणजे अडीच फूट होता. नेरळ-माथेरानचा 610 मिमी, म्हणजे दोन फूट. फरक सहा इंचांचाच, पण एकीची चाकं दुसरीच्या रुळांवर बसत नाहीत.

फोटोवरून ओळखायला जाल तर हमखास चुकाल. जतन करून ठेवलेलं इंजिन सापडलं तर परवानगी घेऊन त्याच्या रुळांना टेप लावा. रुळाच्या डोक्याच्या किंचित खाली, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजायचं. वळणावर मोजू नका, तिथे चाकं अडकू नयेत म्हणून अंतर थोडं वाढवलेलं असू शकतं. आणि डोंगरातली गाडी दोन फुटीच असते असंही नाही: दार्जिलिंग 610, पण कालका-शिमला 762.

बार्शीची लाइन मालासाठी आणि पंढरीच्या यात्रेकरूंसाठी होती. ब्रिटिश अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू केला. पुढे लाइन पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत पोचली, एकूण सुमारे 325 किमी. खरी कल्पना वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो वा मालाचा डबा, कुठल्याच आसावर (चाकांची जोडी धरणाऱ्या दांड्यावर) पाच टनांहून जास्त भार नको. त्यामुळे हलके रूळ पुरले आणि तरी माल भरपूर नेता आला.

माथेरानची अडचण वजनाची नाही, वळणांची. 1907 च्या या 21 किमी मार्गावर 20 फुटांत एक फूट असा चढ आहे. जुन्या ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनांचे टोकाचे आस पोकळ होते. आतला आस सरळ राही, बाहेरची नळी चाकांसकट वळे. तीन आसांचं इंजिन त्या वळणांवरून जाई ते यामुळे.

बार्शीच्या मार्गाचं 2001 नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. गावांची सोय झाली, पण याला पुनरुज्जीवन म्हणणं आम्हाला पटत नाही, कारण ती छोटी गाडी गेलीच. माथेरानची गाडी मात्र खरोखर पुन्हा उभी राहिली. जुलै 2005 च्या पावसाने मार्ग वाहून गेला, तो 2007 मध्ये सुरू झाला. 2016 मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली, 2019 मध्ये पावसाने पुन्हा फटका दिला आणि ऑक्टोबर 2022 मध्ये नेरळपासून गाडी परत निघाली. मधल्या काळात डब्यांना एअर ब्रेक बसले, रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर (आडव्या पट्ट्या) आले आणि उतारावर जाळीत दगड भरलेल्या भिंती रचल्या गेल्या. पाणी खडीखालचा भराव पोखरतं, मग रूळ एका बाजूला खचतो. म्हणून पाण्याला वाट काढून देणं हेच इथलं मोठं काम.

पुण्याहून जाताना बहुतेक गाड्या नेरळला थांबत नाहीत. कर्जतला उतरून लोकल धरा. पावसाळ्यात नेरळहून गाडी बंद असते, तेव्हा सहसा अमन लॉज स्थानक ते माथेरान एवढीच शटल धावते.