रेंज फुल्ल, पण डॉक्टरना आपण दिसतच नाही

खानापूरच्या वर जांबोटी-कणकुंबीकडं कुणाच्याही घरात जावा आणि ऑनलाइन डॉक्टरचा विषय काढा, पहिलं उत्तर ठरलेलं, आमच्याकडं रेंज नाही हो. आणि बेळगावात राहणारा पोरगा म्हणणार, आहे की रेंज, दोन दांड्या दाखवतोय, यूट्यूब पण चालतंय. दोघंही खरंच बोलतायत.

यूट्यूब चालणं म्हणजे डाउनलोड, तिकडून आपल्याकडं. मामीच्या पायावरची जखम डॉक्टरना दिसायला लागतो अपलोड, आपल्याकडून तिकडं. फोनवरच्या दांड्या सांगतात की टॉवरचं सिग्नल आपल्यापर्यंत किती जोरात येतंय, आपलं तिकडं पोचतंय का नाही त्याचा त्यात पत्ताच नाही. टॉवरवरचं मशीन कित्येक वॅट ताकदीनं ओरडतं आणि आपला ४जी फोन जोर लावून साधारण ०.२ वॅट, त्यात मधे भीमगडचं जंगल. पाऊस स्वतः फोनच्या सिग्नलला फार अडवत नाही, अडवते ती ओली झाडी. पण टॉवर-टॉवर जोडणाऱ्या मायक्रोवेव्ह डिशला मुसळधार पाऊस बाधतो, त्यामुळं जुलैत दांड्या तशाच दिसतात आणि नेट मात्र मेलेलं असतं.

आता लॅगचं, म्हणजे बोलणं उशिरा पोचण्याचं बघू. बोललेलं समोरच्याला १५० मिलिसेकंदाच्या आत पोचलं तर बोलणं नीट चालतं असं आयटीयूचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं माप आहे, ४०० च्या वर गेलं की मग "बोला बोला", "नाही, तुम्ही बोला" सुरू. लोकांना वाटतं डॉक्टर बेंगळूरला बसलेत म्हणून असं होतं. तसं काही नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला जवळपास २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे बेळगाव-बेंगळूर ५०० किलोमीटरला २.५ मिलिसेकंद, केबल वाकडीतिकडी गेली म्हणून दुप्पट धरा, तरी काहीच नाही. वेळ जातो तो रांगेत. त्याच वायफायवर घरातलं कुणीतरी गणपतीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकत बसलंय, राउटर ते सगळं रांगेला लावतो आणि मामीचा आवाज त्यांच्या मागं उभा.

आणि गंमत म्हणजे नुसता उशीर एवढा वाईट नाही. इस्रोनं २००१ मध्ये टेलिमेडिसिन, म्हणजे लांबून पेशंट तपासणं, सुरू केलं ते जवळपास ३६ हजार किलोमीटर वरच्या उपग्रहांवरून, नुसतं वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, तरी पेशंट तपासले जात होते. कारण उशीर एकसारखा असला की माणूस थांबून बोलायला शिकतो. वांदा होतो तो उशीर सारखा बदलत राहिला की, याला जिटर म्हणतात. आपला आवाज साधारण २०-२० मिलिसेकंदाचे तुकडे करून पाठवला जातो, आणि ते तुकडे आपल्या गावच्या लाल बससारखे येतात, तासभर एक नाही आणि मग तिन्ही एकदम. उशिरा आलेला तुकडा ॲप सरळ फेकून देतं, एखादा गेला तर कळतही नाही, पण सलग दहा-पंधरा गेले की झाले २००-३०० मिलिसेकंद. तेवढ्यात "ही गोळी बंद करू नका" मधला "नका" आरामात जातो.

म्हणून मला त्या व्हिडिओच्या हट्टाचं काही कळत नाही. ई-संजीवनी, म्हणजे सरकारची ऑनलाइन डॉक्टरची सोय, २०१९ मध्ये आली, एप्रिल २०२० पासून घरातून थेट डॉक्टरशी बोलायची सोय झाली, तेव्हापासून सगळ्यांना वाटतं तोंड दिसलं म्हणजे तपासणी झाली. व्हिडिओला ५०० केबीपीएस ते १ एमबीपीएस अपलोड सतत लागतो, साध्या आवाजाला २०-३० केबीपीएस पुरतं. ईसीजी तर अगदीच किरकोळ, बारा लीड (हृदयाकडं बारा बाजूंनी बघणं), सेकंदाला ५०० नोंदी, दहा सेकंद, सगळं मिळून १२० केबी, व्हॉट्सॲपवरच्या गुड मॉर्निंगच्या फोटोएवढं. छातीचा डिजिटल एक्स-रे साधारण १० एमबी, तो १ एमबीपीएसवर ८० सेकंदात जातो (फाईल मोजतात बाइटमध्ये, वेग बिटमध्ये, आणि एका बाइटात आठ बिट), आणि ३०० स्लाइसचा, म्हणजे शरीराच्या ३०० आडव्या कापांच्या चित्रांचा सीटी स्कॅन म्हणजे १५० एमबी, धरा २० मिनिटं. पण फाईलला घाई नसते, तुटली तर परत जाते. अंगावर पुरळ उठलंय तर व्हिडिओपेक्षा उजेडात काढलेला फोटो बरा, कारण नेट हललं की व्हिडिओ आधी बारकावा सोडतो, आणि रंगाची माहिती तर नेट चांगलं असलं तरी कमीच पाठवतो.

स्टेथोस्कोपचं तर वेगळंच नाटक. हृदयाच्या ठोक्याचा आवाज बहुतेक २०० हर्ट्झच्या (सेकंदाला २०० कंपनं) खाली, आणि जुन्या पद्धतीचा फोन कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच नेतो, म्हणजे लाइन कितीही क्लिअर असू दे, छातीला फोन लावून काही उपयोग नाही. व्हिडिओ कॉलची ॲप तर त्याच्या पुढची, ती पंख्याची घरघर काढून टाकतात त्यात हृदयाची धडधड पण जाते, त्यांना दोन्ही सारखंच. त्यामुळं डिजिटल स्टेथोस्कोपचा आवाज कॉलमधून न नेता आधी रेकॉर्ड करून फाईल पाठवली तर बरं, डॉक्टर नंतर हेडफोन लावून ऐकतील, दोन दांड्या असल्या तरी चालतंय.