पाचोळ्याचा धूर कायद्याला का खुपतो?

पाने झाडाचीच, निसर्गाचीच. तेव्हा त्यांचा धूर प्लॅस्टिकच्या धुराइतका वाईट नसणार, असा समज आपल्याकडे पक्का आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, पिंपळ, शिरीष यांची पानगळ ऐन भरात असताना पुण्यामुंबईच्या सोसायट्यांच्या कोपऱ्यांत सकाळी झाडलोट झाल्यावर जे ढीग पेटवले जातात, ते याच समजामुळे. कायदा मात्र या बाबतीत नि:संदिग्ध आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर वा मोकळ्या सार्वजनिक जागी कचरा जाळण्यास मनाई केली, बागेतला कचरा वेगळा साठवण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि रस्ता झाडताना जमलेला पाला सफाई कर्मचाऱ्यांनी जाळू नये, अशी सूचना त्यांना देण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांवर सोपवले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला साध्या प्रकरणात ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली.

ही मनाई अवाजवी नाही, हे पाचोळ्याची आग जवळून पाहिली की कळते. ढिगाच्या वरची पाने कुरकुरीत असली, तरी खालची दवाने किंवा मातीच्या ओलीने दमट असतात आणि एकमेकांवर चिकटून बसलेली असतात. आगीची बरीच उष्णता ते पाणी वाफ करण्यात खर्च होते, आत हवा पोचत नाही आणि ज्वाळा विझून ढीग तासन्‌तास नुसता धुमसत राहतो. पानांतील सेल्युलोज आणि लिग्निन हे तंतुमय घटक तापून फुटतात, पण त्यांतून निघणारे वायू पुरते जळत नाहीत. डोळ्यांना झोंबणारा तो दाट पांढुरका धूर म्हणजे हेच अर्धवट जळलेले द्रव्य असते: डांबरासारखे सूक्ष्म थेंब, कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगे. त्यातील बहुतेक कण २.५ मायक्रॉनहून लहान असतात. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले तर असे कण नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत का जातात, हे उमगते.

त्यात उंचीचाही प्रश्न आहे, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मोठ्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटर उंच ठेवतात, कारण धूर वर जाऊन पातळ व्हावा लागतो. पाचोळ्याचा ढीग गुडघ्याएवढा असतो आणि त्याच्या शेजारून शाळेत निघालेली मुले जातात. हिवाळ्याच्या सरतीला पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर न चढता गल्लीतच पसरून राहतो. दम्याच्या रुग्णाला एवढा धूर पुरेसा होतो.

कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे वाफ्याच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात, त्याचे उदाहरण येथे अनेकजण देतात. पण ती तणांचे बी मारण्यासाठी आणि मातीला राख मिळावी म्हणून शेतात केलेली भाजणी आहे. शहरातल्या ढिगाची राख कोणत्याच वाफ्यात जात नाही आणि पानांतील नत्र तर धुराबरोबरच उडून जाते.

तोच पाला कुजवायचा असेल तर मुख्य अडचण कर्ब-नत्र गुणोत्तराची आहे. वाळक्या पानांत नत्राच्या तुलनेत कर्ब ४० ते ८० पट असू शकतो, तर जिवाणूंना साधारण ३० पट मानवतो. म्हणून नुसती पाने महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात आणि वैतागून कोणीतरी काडी लावतो. पानांच्या थरांवर शेणकाला शिंपडला, अधूनमधून हिरवे गवत किंवा भाजीची देठे घातली आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखली, तर ढीग आतून तापू लागतो आणि काही महिन्यांत निम्म्याहून कमी होतो. ज्यांना एवढेही जमणार नाही, त्यांनी पाने झाडांच्या बुंध्याभोवती, खोडापासून थोडे अंतर सोडून, चार बोटे जाडीने पसरावीत. एप्रिल-मेच्या उन्हात त्या आच्छादनाखालची माती ओलसर राहते आणि पाणीही कमी लागते.