एका डोंगलवर किती हेडसेट?

संगणकाच्या यूएसबीत खोचायचा ब्लूटूथचा नखाएवढा डोंगल एका वेळी सात उपकरणांशी जोडलेला राहू शकतो. कीबोर्ड, माउस, प्रिंटर असतील तर सातही सुखाने नांदतात. पण त्याच डोंगलवर कॉलसाठी हेडसेट जोडायला घेतले, की तिघांपर्यंतच निभावतं. चौथ्याला जागा नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर हवेतला रेडिओ, यूएसबीची तार आणि ड्रायव्हर (म्हणजे डोंगल चालवणारं संगणकातलं सॉफ्टवेअर) या तिन्ही ठिकाणी डोकवावं लागतं.

आधी हवेतलं बघू. क्लासिक ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ चॅनेल वापरतं आणि सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल बदलतं. प्रत्येक चॅनेलवर मुक्काम ६२५ मायक्रोसेकंदांचा. या तुकड्याला स्लॉट म्हणतात. एका स्लॉटमध्ये डोंगल बोलतो, पुढच्यात हेडसेट उत्तर देतो. कॉलचा आवाज उशिरा पोचला तर काहीच उपयोगाचा नसतो, म्हणून त्याच्यासाठी स्लॉट राखून ठेवतात. एसटीतल्या आरक्षित सीटसारखंच हे, तुम्ही गप्प बसलात तरी ती जागा दुसऱ्याला मिळत नाही. आवाज छोट्या गठ्ठ्यांत, म्हणजे पाकिटांत, जातो; मूळ पद्धतीतल्या सगळ्यात काटकसरी पाकिटात ३० बाइट आवाज मावतो. ते दर सहा स्लॉटमागे एकदा जातं आणि जाण्यायेण्याचे मिळून दोन स्लॉट घेतं. तीन हेडसेट झाले की सहाच्या सहा स्लॉट संपले!

पुढच्या आवृत्त्यांत मोठी पाकिटं आली आणि हवेतली दाटी कमी झाली. तीनची मर्यादा मात्र यूएसबीच्या बाजूला टिकून राहिली, आणि खरी मजा तिथेच आहे.

डोंगल आणि संगणक यांच्यात गाण्यांचा डेटा एका वाटेने जातो, तर कॉलचा आवाज दुसऱ्या. या दुसऱ्या वाटेवर दर मिलिसेकंदाला ठरावीक जागा राखलेली असते. किती राखायची याच्या पातळ्या आधीच ठरलेल्या आहेत. शून्य ते पाच या पातळ्यांवर अनुक्रमे ०, ९, १७, २५, ३३ आणि ४९ बाइट. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचा हिशेब चोख आहे. साध्या ८ बिटांच्या कॉलला मिलिसेकंदाला ८ बाइट लागतात. तीन मिलिसेकंदांचे झाले २४. हा आवाज कोणत्या हेडसेटचा आणि किती लांबीचा, हे सांगायला आणखी ३ बाइट. एकूण २७, त्याचे तीन भाग केले की ९. दोन कॉल असतील तर ४८ अधिक ३ म्हणजे ५१, तिसरा हिस्सा १७. तीन कॉलना ७५, तिसरा हिस्सा २५. आवाज १६ बिटांचा असेल तर एक, दोन आणि तीन कॉलसाठी १७, ३३ आणि ४९.

पातळी निवडणं हे ड्रायव्हरचं काम. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधल्या बीटीयूएसबी या ड्रायव्हरमध्ये १६ बिटांच्या कॉलसाठी अवघ्या तीन आकड्यांची यादी आहे: २, ४, ५. एक हेडसेट बोलत असेल तर पातळी २, दुसरा आला की ४, तिसरा आला की ५. चौथ्यासाठी यादीत आकडाच नाही. पातळी बदलताना चालू देवाणघेवाण थांबवावी लागते, आणि अर्धवट आलेलं पाकीट हातात असेल तर ते टाकूनही द्यावं लागतं. नाहीतर जुन्या पाकिटाचा अर्धा तुकडा नव्याला चिकटून भलताच आवाज तयार होईल. मला ही काळजी फार महत्त्वाची वाटते. अनेक हेडसेट सांभाळणं म्हणजे नुसतं मोजत बसणं नव्हे, एक आला किंवा गेला तरी बाकीच्यांचं बोलणं बिघडू न देणं.

गाण्यांचं गणित वेगळं. एसबीसी या कोडेकमध्ये (आवाज आकुंचित करण्याच्या पद्धतीत) चांगल्या प्रतीचं स्टिरिओ संगीत सेकंदाला साधारण ३२८ किलोबिट घेतं. डोंगलची प्रत्यक्ष क्षमता जास्तीत जास्त २.१ मेगाबिटांच्या आसपास. कागदावर सहा हेडसेट बसतात, पण शेजारच्या वायफायमुळे पाकिटं पुन्हा पाठवावी लागतात आणि ही ऐपत भराभर घटते. त्यात डोंगलमधली साठवणुकीची जागा मोजकी. समजा एकजण हेडसेट घालून स्वयंपाकघरात गेला. त्याची पाकिटं पोचेनात, ती डोंगलमध्येच साचत गेली, तर सोफ्यावर बसलेल्यांचंही गाणं अडखळतं. म्हणून ड्रायव्हरच्या वर बसलेला लिनक्सचा ब्लूटूथ थर हिशेब ठेवतो. ज्याची सर्वांत कमी पाकिटं अडकून आहेत त्याला आधी संधी, आणि उरलेल्या जागेची जोडण्यांमध्ये वाटणी.

तरीही सगळ्यांना एकाच क्षणी ऐकू येईल याची खात्री नाही. प्रत्येक हेडसेट आवाज थोडा साठवून मग वाजवतो, आणि हा साठा प्रत्येक कंपनीचा वेगळा. दोघं मिळून सिनेमा बघताना एकाला संवाद आधी ऐकू येतो. आपल्याला किती उशीर लागतो हे काही हेडसेट मिलिसेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत कळवतात. ते कळलं तर संगणक वेगवान हेडसेटचा आवाज मुद्दाम रोखून धरू शकतो. लिनक्समध्ये पाइपवायर हे आवाज हाताळणारं सॉफ्टवेअर किंवा मॅकवर ‘मल्टी-आउटपुट डिव्हाइस’ वापरून एकच आवाज अनेकांना पाठवता येतो, पण हेडसेटने उशीर चुकीचा कळवला तर तिथेही इलाज चालत नाही.

२०२० साली आलेल्या ब्लूटूथ ५.२ ने हा प्रश्न मुळापासून सोडवायला घेतला. त्यावर उभ्या असलेल्या एलई ऑडिओत, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्लूटूथवरून आवाज पाठवण्याच्या नव्या पद्धतीत, प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवण्याऐवजी आकाशवाणीसारखं एकदाच प्रक्षेपण करता येतं. ऐकणारे कितीही असोत, हवेतली जागा तेवढीच लागते. आवाज नेमका कधी वाजवायचा ती वेळही सोबत ठरवून दिलेली असते, त्यामुळे सगळे कान एकत्र चालतात. या प्रक्षेपणाला ऑराकास्ट हे नाव मिळालं २०२२ मध्ये.

मात्र जुन्या डोंगलला नुसता नवा ड्रायव्हर घालून हे जमत नाही, कारण मायक्रोसेकंदांचं वेळापत्रक चिपच्या आतच पाळावं लागतं. शिवाय ५.२ मध्ये ही सोय ऐच्छिक आहे. त्यामुळे डोंगल घेताना नुसता आवृत्तीचा आकडा पाहू नका. खोक्यावर एलई ऑडिओचा स्पष्ट उल्लेख शोधा, आणि आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा ड्रायव्हर त्याला ओळखतो का तेही विचारून घ्या.