आधी काय तुटावं? भुयारी खाणीतल्या लवचीक केबलची पार्श्वभूमी

कोळशाच्या भुयारी खाणीत यंत्राला वीज पुरवणाऱ्या केबलचा तुकडा आडवा कापून हातात घेतला, की मधोमध रबराचा एक आधार दिसतो. त्याच्या खोबणींत तीन जाड गाभे बसवलेले असतात. प्रत्येक गाभ्यात शेकडो बारीक तारा, प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा, त्यावर रबर आणि त्या रबरावर पुन्हा तांबं आणि नायलॉनच्या धाग्याची घट्ट वीण. सोबत अर्थिंगचा गाभा आणि आणखी एक सडपातळ गाभा, ज्यातून यंत्राची मोटार चालत नाहीच. सगळ्यांवर मिळून बुटाच्या तळव्यासारखं चिवट कवच. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या मनात येतंच, की तीन फेजची वीज न्यायला एवढा खटाटोप कशाला?

हा खटाटोप एका दिवसात ठरलेला नाही. यातला जवळजवळ प्रत्येक थर म्हणजे आधीच्या केबलमध्ये झालेल्या कुठल्यातरी बिघाडाला दिलेलं उत्तर आहे. जमिनीवरची केबल एकदा टाकली की वर्षानुवर्षं जागची हलत नाही. खाणीतली केबल मात्र यंत्रामागे फरफटत जाते. ओल्या दगडांवरून घासते, चाकाखाली येते, छतातून सुटलेल्या शिळेचा मार खाते. इंग्रजीत तिला ट्रेलिंग केबल म्हणतात आणि आपल्याकडेही तेच नाव चालतं. ती कधी ना कधी फाटणार, हे गृहीत धरूनच तिची रचना करावी लागते. फाटताना आधी काय तुटावं आणि काय शेवटपर्यंत टिकावं, हा या तंत्राच्या सव्वाशेहून अधिक वर्षांच्या इतिहासातला खरा प्रश्न आहे.

वीज खाणीत उतरली ती १८८०च्या दशकात. जर्मनीतल्या झाउकेरोडच्या खाणीत सीमेन्स कंपनीचं विजेचं इंजिन १८८२ साली धावू लागलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ट्रॅफल्गार कोलिअरीत विजेवर चालणारा पंप बसला. त्याआधी खाली शक्ती न्यायची ती घोड्यांच्या, वाफेच्या किंवा दाबलेल्या हवेच्या बळावर. दाबलेली हवा सुरक्षित होती, पण लांबलचक नळातून जाताना तिचा बराचसा जोर वाटेतच संपायचा. विजेचं तसं नव्हतं. पंप एका जागी असतो, इंजिनाला वर टांगलेली तार पुरते. अडचण आली ती कोळसा कापणाऱ्या यंत्राची, कारण ते रोज पुढे सरकतं आणि त्याच्यामागे वीजही दोरीसारखी सरकायला हवी.

ती दोरी शक्य झाली रबरामुळे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं, थंडीत तडकतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने गंधक घालून तापवलेल्या रबरात हा दोष राहत नाही हे शोधलं आणि वीजवाहक तारेला लवचीक आवरण मिळायची वाट मोकळी झाली. पण तेच गंधक तांब्याला काळं पाडतं आणि खातं. म्हणून प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा पातळ थर चढवायची पद्धत पडली. आजच्या आधुनिक रबरांना सगळीकडे त्याची गरज उरलेली नाही, तरी खाणीच्या केबलमध्ये मुलामा दिलेल्या तारा अजून सर्रास दिसतात. तारा बारीक ठेवायचं कारण सोपं आहे: जाड तार चार वेळा वाकवली की तुटते, तेवढ्याच तांब्याच्या शेकडो बारीक तारा एकत्र पिळल्या तर दोरखंडासारख्या वाकतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या खाणींमध्ये पाठीवर केबलचं रीळ घेतलेली छोटी इंजिनं आली. मुख्य रस्त्यावर उघडी तार टांगलेली असे. आतल्या खोल्यांत ती नसे, म्हणून इंजिन केबल सोडत आत जाई आणि गुंडाळत बाहेर येई. त्या काळी केबलचं टोक त्या जिवंत तारेला आकड्यासारखं अडकवायचं आणि परतीचा प्रवाह रुळांतून न्यायचा. आकडा लावताना आणि काढताना ठिणगी उडायची. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा ही रोजची रीत होती.

कोळशाच्या खाणीत मिथेन असतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये आलं की तो स्फोटक होतो आणि पेटायला जेमतेम ०.३ मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधल्या सेंघेनीथच्या खाणीत स्फोट झाला. त्यात ४३९ खाणकामगार आणि बचावपथकातला एक जण गेला. नेमकं कारण पक्कं ठरलं नाही, पण संशय गेला तो विजेच्या घंटेच्या तारांवर. दोन उघड्या तारा एकमेकींना टेकवून वर इशारा द्यायची तेव्हाची पद्धत होती. मोठी मोटार सोडाच, घंटा वाजवण्याइतकी किरकोळ वीजही धोक्याची ठरू शकते, हे त्यानंतर कुणाला पटवावं लागलं नाही.

मोटारी आणि स्विच यांच्यापुरता तोडगा जर्मनीत कार्ल बेलिंगच्या प्रयोगांतून शतकाच्या आरंभीच मिळाला होता. पेटी इतकी भक्कम करायची की आत स्फोट झाला तरी ती फुटू नये, आणि झाकणाची फट इतकी अरुंद व लांब ठेवायची की बाहेर पडणारा जाळ वाटेतच निवावा. यालाच आपण फ्लेमप्रूफ म्हणतो. पण केबलला पेटीत कोंडता येत नाही. यंत्राची मोटार पोलादी कवचात, स्विच पोलादी कवचात, आणि या दोहोंना जोडणारा शंभर-दोनशे मीटरचा दुवा मात्र रबरात गुंडाळून उघड्यावर. संपूर्ण व्यवस्थेतली सगळ्यांत नाजूक जागा हीच. माझ्या मते खाणीतल्या विजेचा इतिहास मोटारींपेक्षा केबलच्या बाजूने वाचला तर जास्त उलगडतो.

सुरुवातीच्या केबलमध्ये गाभ्यांवर नुसतं रबर असे. दगड पडून केबल चेचली, की दोन फेज एकमेकांना भिडत. हजारो अँपिअरचा शॉर्ट होई आणि जाळ कवच फोडून बाहेर येई. यावरचा उपाय म्हणजे वर सांगितलेली वीण. प्रत्येक फेजभोवती अर्थला जोडलेली धातूची जाळी असते. काही पद्धतींत जाळीऐवजी वीज थोडीशी वाहू देणारं रबर वापरतात. आता कुदळीचं टोक घुसो किंवा दगड रुतो, फेजला दुसऱ्या फेजपर्यंत पोचण्याआधी ही अर्थची जाळी ओलांडावीच लागते. म्हणजे पहिला बिघाड हा अर्थ फॉल्टच, म्हणजे वीज अर्थकडे गळण्याचाच होणार.

तेवढ्याने भागत नाही, तो अर्थ फॉल्टही मवाळ हवा. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल थेट जमिनीला न जोडता मध्ये रोध घालतात. ब्रिटिश पद्धतीत कोळशाच्या फेसजवळ, म्हणजे जिथे कोळसा कापतात त्या भिंतीजवळ, अर्थ फॉल्टचा प्रवाह ७५० मिलिअँपिअरवर रोखतात. अमेरिकेत कमी आणि मध्यम व्होल्टेजसाठी ही मर्यादा २५ अँपिअर आहे. आकड्यांत फरक बराच आहे, पण विचार एकच: शॉर्टचा भडका उडण्याआधी छोटीशी गळती लागू द्यायची, रिलेने, म्हणजे पहारा देणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचने, ती हेरायची आणि वीज तोडायची.

राहिला तो सडपातळ गाभा, म्हणजे पायलट. केबलच्या स्विचकडच्या टोकाहून पायलटमधून अगदी क्षीण एसी (दोन्ही बाजूंना आलटूनपालटून वाहणारा) प्रवाह यंत्रापर्यंत जातो आणि अर्थच्या तारेतून परत येतो. अर्थ कुठे तुटली, प्लग सैल पडला, केबल ओढून निघाली, तर हा फेरा तुटतो आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे यंत्राची वीज जोडणारा मुख्य स्विच, पडतो. पण समजा केबल चेंगरून पायलट आणि अर्थ वाटेतच एकमेकांना चिकटले, तर? फेरा तर पूर्णच दिसेल. यासाठी यंत्राच्या टोकाला एक डायोड बसवतात. तो प्रवाहाची एकच बाजू जाऊ देतो आणि रिले फक्त अशा एकतर्फी प्रवाहावरच धरून राहतो. वाटेत शॉर्ट झाला की दोन्ही बाजूंचा प्रवाह येतो आणि रिले सोडून देतो. मुठीत मावणाऱ्या एका भागात एवढी दूरदृष्टी आहे, याचं मला दरवेळी कौतुक वाटतं.

ठिणगीखालोखाल भीती आगीची. नैसर्गिक रबर एकदा पेटलं की जळत राहतं, आणि तेल लागलं की फुगतं. ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्सच्या गटाने १९३० साली निओप्रीन तयार केलं. त्यात क्लोरीन असल्याने ते सहज पेट धरत नाही आणि तेलालाही दाद देत नाही. पुढच्या दशकांत केबलचं बाहेरचं कवच या रबराचं झालं. मात्र जळालंच तर त्याचा धूर घशाला झोंबणारा आणि आम्लाचा असतो, ही त्याची किंमत.

अमेरिकेत २० नोव्हेंबर १९६८ रोजी फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार गेले आणि पुढच्याच वर्षी कोळसा खाणींच्या सुरक्षेचा कडक कायदा झाला. त्याखाली ट्रेलिंग केबल ज्वालारोधी असणं सक्तीचं झालं. चाचणीत आधी केबलमधून प्रवाह सोडून तिचं तांबं २०४ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि मग एक मिनिट ज्योत लावतात. ज्योत काढल्यावर ती चार मिनिटांच्या आत विझावी लागते, आणि जळालेला भाग सहा इंचांपेक्षा लांब असून चालत नाही. थंड केबलवर ज्योत धरून हा निकाल लागला नसता. खऱ्या खाणीत केबल पेटते तेव्हा ती आधीच तापलेली असते.

तापण्याचाच आणखी एक प्रकार रिळावर दिसतो. कोळसा वाहणारी शटल कार १९३०च्या दशकाच्या अखेरीस आली. ती फेस आणि कोळसा बाहेर नेणारा पट्टा यांच्यामध्ये येरझाऱ्या घालते आणि केबल स्वतःच्या रिळावर गुंडाळत-सोडत जाते. गुंडाळलेल्या केबलची उष्णता बाहेर पडायला वाव नसतो. म्हणून रिळावर एक थर असेल तर केबलच्या क्षमतेच्या ८५ टक्के, दोन थर असतील तर ६५ टक्के आणि चार थर असतील तर अवघा ३५ टक्के प्रवाह धरायचा, असा हिशेब आहे. हा हिशेब विसरला की आतलं रबर आधी कडक होतं, मग तडकतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

ब्रिटनमध्ये १९५२ साली अँडर्टन शिअरर हे फिरत्या ढोलाने कोळसा कापणारं यंत्र आलं आणि लाँगवॉलवर, म्हणजे कोळशाच्या लांबच लांब सलग फेसवर, ते सतत मागेपुढे धावू लागलं. मागून ओढत नेली तर तिथे केबल टिकेना. सरकारी कोळसा मंडळाच्या ब्रेटबी इथल्या संशोधन केंद्रातून यावर उपाय निघाला. केबल आणि पाण्याची नळी दोन्ही एका कड्याकड्यांच्या साखळीत बसवल्या. ओढ साखळीने सोसायची, केबलने फक्त वाकायचं. या साखळीला आजही ब्रेटबीच म्हणतात.

पुढे यंत्रं वाढली तशी व्होल्टेजही वाढली. ५५० व्होल्ट, मग ११००, मग ३३००. हजार किलोवॅटच्या शिअररला ५५० व्होल्टवर बाराशेच्या आसपास अँपिअर लागले असते, ३३०० व्होल्टवर दोनशेच्या आसपास पुरतात. बाराशे अँपिअरची केबल माणसांना हलवताच आली नसती. व्होल्टेज वाढवण्यामागे वीजबचतीइतकंच ओढणाऱ्या हातांचं गणित होतं.

एवढं करूनही केबल फाटते आणि जोडावी लागते. अमेरिकेच्या नियमानुसार तात्पुरता जोड एका केबलला एकच आणि तोही चोवीस तासांपुरता. पक्का जोड करताना कवच पेन्सिलीला टोक काढावं तसं तिरकं सोलतात. गाभ्यांचे जोड एकाशेजारी एक येऊ न देता पुढेमागे ठेवतात. तिन्ही फेज अगदी समान लांबीच्या हव्यात, नाहीतर सगळी ओढ आखूड गाभ्यावर येते. अर्थची तार मात्र हेतुपुरस्सर थोडी सैल सोडतात. केबल ओढून तुटलीच तर वीज आधी जावी आणि अर्थ सगळ्यांत शेवटी. मग जाळी पुन्हा गुंडाळायची आणि गरम साच्यात दाबून नवं रबर जुन्याशी एकजीव करायचं. जोड घाईत झाला, आत ओल राहिली, तर तो पुन्हा तिथेच उकलतो.

धातूंच्या खाणींत आता बॅटरीवर चालणारी लोडर यंत्रं येत आहेत. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केल्यापासून विजेकडे वळण्याचा वेग वाढला. पण लाँगवॉलच्या शिअररला तासन्‌तास मेगावॅटभर वीज लागते आणि तिथे केबलच राहणार असं दिसतं. त्यामुळे पाळी सुरू होण्याआधीचं जुनं काम अजून तसंच चालू आहे. वीज बंद करून इलेक्ट्रिशियन दिव्याच्या उजेडात केबलच्या कडेने चालतो, तिला तळहातातून सरकवत जातो, आणि जिथे फुगवटा, खाच किंवा मऊ जागा हाताला लागते तिथे खडूने खूण करतो.