भारतीय सांख्यिकी सेवा: पदव्युत्तर शिक्षण कुठलं घ्यावं, अर्ज कसा भरावा, कागदपत्रं कोणती लागतात

डेटा ॲनालिटिक्स किंवा डेटा सायन्समध्ये एमएस्सी केलं की सरकारी आकडेवारीच्या नोकरीला आपण पात्र झालो, असं अनेक मुलं आणि त्यांचे पालक धरून चालतात. खाजगी कंपनीत चालेलही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या म्हणजे यूपीएससीच्या जाहिरातीत मात्र नियम वेगळा आहे आणि तो दोन वर्षांची फी भरण्याआधी वाचलेला बरा.

भारतीय सांख्यिकी सेवा, म्हणजे आयएसएस, ही केंद्राची गट 'अ' सेवा १९६१ पासून आहे. पंचवार्षिक योजना, राष्ट्रीय उत्पन्न, महागाईचा निर्देशांक, रोजगाराची पाहणी ही कामं करायला प्रशिक्षित माणसं हवीत म्हणून ती उभी राहिली. आज हे अधिकारी सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयात, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयात आणि इतर मंत्रालयांच्या सांख्यिकी विभागांत असतात. निवड झाल्यावर ग्रेटर नोएडातल्या राष्ट्रीय सांख्यिकी प्रणाली प्रशिक्षण अकादमीत प्रशिक्षण होतं. सुरुवातीचं वेतन सातव्या आयोगाच्या दहाव्या स्तरात, मूळ पगार ५६,१०० रुपये.

पात्रता नेमकी काय

संख्याशास्त्र, गणिती संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन पदवी हवी. नाहीतर याच तीनपैकी एका विषयात पदव्युत्तर पदवी हवी. डेटा ॲनालिटिक्सच्या पदवीचा इथे उल्लेख नाही. म्हणजे पदवीला संख्याशास्त्र असेल तर पुढे एमएस्सी कशातही करा, पात्रता शाबूत राहते. पदवीला नसेल तर मात्र एमएस्सी संख्याशास्त्रातच करावं लागतं.

आपल्याकडची अडचण बीएस्सीच्या जुन्या रचनेत आहे. पुणे विद्यापीठात पहिल्या वर्षी चार विषय, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच, अशी पद्धत होती. एफवाय, एसवायला संख्याशास्त्र घेतलं आणि टीवायला गणित निवडलं, अशी शेकड्यांनी मुलं आहेत. 'माझ्याकडे स्टॅट होतं' हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधरांसाठीच्या सीजीएल परीक्षेतलं सांख्यिकी अन्वेषक श्रेणी-२ हे पद घ्या. तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं की संख्याशास्त्र पदवीच्या तिन्ही वर्षांत, किंवा सहाही सत्रांत, शिकलेलं हवं. तिथे टीवाय गणितवाला बाद. आयएसएससाठीही अशा अर्ध्या वाटेवरच्या गुणपत्रिकेवर विसंबून राहू नये. संख्याशास्त्रात एमएस्सी केलं की हा वादच उरत नाही.

इंजिनियरिंगच्या मुलांनी विशेष जपावं. एखाद्या सत्रात प्रोबॅबिलिटीचा पेपर दिला म्हणजे संख्याशास्त्र हा आपला विषय झाला, असं समजू नका. नव्या शैक्षणिक धोरणाखाली शिकणाऱ्यांनी संख्याशास्त्र मेजर म्हणून घेतलं तर प्रश्न नाही. मायनर म्हणून घेणार असाल तर ते किती सत्रं चालतं आणि गुणपत्रिकेवर विषयाचं नाव कसं छापलं जातं, हे विभागप्रमुखांना आधीच विचारा.

वय परीक्षेच्या वर्षाच्या १ ऑगस्टला २१ पूर्ण आणि ३० च्या आत. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षं, ओबीसींना ३ वर्षं, दिव्यांगांना १० वर्षं सवलत. आर्थिक दुर्बल घटकाला म्हणजे ईडब्ल्यूएसला आरक्षण आहे, वयाची सवलत नाही. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो; पास झाल्याचा पुरावा लेखी परीक्षेत निवड झाल्यावर सविस्तर अर्जासोबत द्यावा लागतो.

मग शिकायचं कुठे

कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, १९३१ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उभारलेली, हे या विषयाचं मूळ घर. तिथल्या एम.स्टॅट. या पदव्युत्तर पदवीसाठी एक वस्तुनिष्ठ आणि एक वर्णनात्मक पेपर आणि मग मुलाखत असते. वर्णनात्मक पेपरात पाठांतर कामाला येत नाही. आयआयटींमध्ये जायचं तर जॅम या सामायिक प्रवेश परीक्षेचा गणिती संख्याशास्त्राचा पेपर द्यायचा. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, ३ तासांत ६० प्रश्न, १०० गुण. आयआयटी मुंबई आणि कानपूर इथले संख्याशास्त्राचे एमएस्सी याच वाटेने मिळतात.

मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था हीच, त्यामुळे प्रश्नावली तयार होण्यापासून अहवाल छापून येईपर्यंत सगळं इथे जवळून पाहता येतं. सर्वेक्षण संशोधन आणि डेटा ॲनालिटिक्स असा एमएस्सीही इथे आहे. सरकारी सर्वेक्षणाचं काम शिकायला याहून नेमका अभ्यासक्रम महाराष्ट्रात मला तरी माहीत नाही. पण वरचा नियम इथेही लक्षात ठेवा: पदवीला संख्याशास्त्र असेल तर हा उत्तम पर्याय आहे, नसेल तर केवळ या पदवीच्या बळावर आयएसएसचा अर्ज भरण्याचा धोका पत्करू नका.

राज्यातल्या विद्यापीठांचे संख्याशास्त्र विभाग, पुणे, मुंबई, कोल्हापूर, जळगाव, कमी लेखू नयेत. फी परवडते आणि अभ्यासक्रम आयएसएसच्या पेपरांशी बऱ्यापैकी जुळतो. अभ्यासक्रम निवडताना एकच गोष्ट तपासा: नमुना निवडीचा सिद्धांत, म्हणजे सॅम्पलिंग, पूर्ण पेपर म्हणून शिकवतात का. नव्या चकचकीत डेटा सायन्स अभ्यासक्रमांत मशीन लर्निंगचे चार पेपर असतात आणि सॅम्पलिंग दोन व्याख्यानांत उरकतात. सरकारी आकडेवारीचा सगळा डोलारा मात्र सॅम्पलिंगवरच उभा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याची शिस्त लावली. उत्पन्नाच्या अंदाजासाठी आजही शेतात चौकट आखून पीक कापून वजन करतात, त्यामागे तेच शास्त्र आहे.

परीक्षेचे पेपर

लेखी परीक्षा १००० गुणांची. सामान्य इंग्रजी १००, सामान्य अध्ययन १००, आणि संख्याशास्त्राचे प्रत्येकी २०० गुणांचे चार पेपर. संख्याशास्त्राचे पहिले दोन वस्तुनिष्ठ: २ तासांत ८० प्रश्न, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकतृतीयांश गुण वजा. तिसरा आणि चौथा वर्णनात्मक, ३ तासांचे. मुलाखत २०० गुणांची. सगळी उत्तरं इंग्रजीतच लिहायची आहेत; बीएस्सी मराठी वातावरणात केलेल्यांनी उत्तरलेखनाचा सराव लवकर सुरू करावा. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर वर्णनात्मक पेपरांना चालतो, वस्तुनिष्ठ पेपरांना चालत नाही.

दुसऱ्या पेपरात शासकीय सांख्यिकी हा स्वतंत्र भाग आहे. तो कुठल्याही एमएस्सीत नीट शिकवत नाहीत, मुलंही शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. चौथ्या पेपरात सात विभाग: संक्रिया संशोधन, लोकसंख्याशास्त्र, सर्व्हायव्हल ॲनालिसिस, गुणवत्ता नियंत्रण, मल्टिव्हेरिएट, प्रयोगांची रचना, आणि सी व आर या संगणकभाषा. त्यातले कोणतेही दोन लिहायचे. एमएस्सीचे ऐच्छिक पेपर निवडताना ही यादी समोर ठेवली तर दुहेरी अभ्यास वाचतो.

जागा थोड्या असतात. २०२४ च्या जाहिरातीत आयएसएसच्या ३० होत्या, २०२५ मध्ये ३५.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विमान कंपनीचा किंवा शेअर बाजाराचा डेटा घेण्यापेक्षा नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा, म्हणजे पीएलएफएसचा, कुटुंबनिहाय डेटा घ्या. तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट मिळतो. २०१७-१८ पासूनच्या वार्षिक फाइली उघडल्या की आधी नुसत्या आकड्यांच्या लांबच लांब ओळी दिसतात. कितव्या स्थानापासून कितव्या स्थानापर्यंत वय, कुठे शिक्षण, कुठे काम, हे सांगणारी मांडणी वेगळ्या एक्सेल फाइलीत असते. ओळीच्या शेवटाकडे गुणक असतो, म्हणजे नमुन्यातलं ते एक माणूस लोकसंख्येतल्या किती जणांच्या वतीने उभं आहे तो आकडा. हा गुणक जसाच्या तसा वापरायचा नसतो; सोबतच्या टिपेप्रमाणे कुठे १०० ने, कुठे २०० ने भागायचा. तो न लावता बेरोजगारीचा दर काढला तर तो छापील अहवालाशी जुळणार नाही. तो जुळवून दाखवलात की मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे ठोस काहीतरी असतं.

अर्ज आणि कागदपत्रं

२०२५ मध्ये जाहिरात फेब्रुवारीत आली आणि परीक्षा २० जूनला सुरू झाली. अर्ज फक्त यूपीएससीच्या ऑनलाइन पोर्टलवर. त्याच वर्षाच्या मे अखेरीपासून पोर्टलची रचना बदलली आहे: आधी खातं उघडायचं, मग कायमची नोंदणी, मग सामायिक अर्ज आणि शेवटी त्या-त्या परीक्षेचा अर्ज. पहिले टप्पे जाहिरातीची वाट न पाहता पूर्ण करून ठेवता येतात, आणि ठेवावेतच. ओळखपत्र म्हणून आधार दिलं तर पडताळणी सोपी होते.

फी २०० रुपये. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना माफ. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना भरावी लागते.

नावाचा घोळ महाराष्ट्रात हमखास होतो. दहावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पदवीच्या प्रमाणपत्रावर कधी आईचंही नाव. यूपीएससीला दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण. लग्नानंतर किंवा एरवी नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी ठेवा.

जातीच्या दाखल्यांबाबत तर राज्याची सवय केंद्रात चालत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग. केंद्रात तसे रकाने नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ओबीसी म्हणून अर्ज करायचा, आणि त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातलाच, नॉन-क्रिमीलेअर उल्लेख असलेला दाखला लागतो. राज्याच्या नमुन्यातला दाखला कितीही ताजा असला तरी उपयोगाचा नाही. मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने मिळालेलं एसईबीसी आरक्षण केंद्राच्या भरतीला लागू नाही. अशा उमेदवारांनी खुल्यातून, किंवा उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटींत बसत असतील तर केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस दाखला काढून अर्ज करावा. दाखल्याची तारीख अर्जाच्या अंतिम मुदतीच्या आतली हवी. सेतू केंद्रात अर्ज देताना 'केंद्र शासनाच्या नोकरीसाठी' हे तोंडी सांगून भागत नाही, दाखला हातात आल्यावर मजकूर तिथेच उभं राहून वाचा.

आधीच सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयप्रमुखांना लेखी कळवल्याचं हमीपत्र लागतं. परीक्षा केंद्र निवडताना घाई करा: २०२५ च्या यादीत महाराष्ट्रातलं एकच केंद्र होतं, मुंबई. पुणे, नागपूर नव्हते. जागा भरल्या की उरलेल्या शहरांतून निवडावं लागतं, आणि परीक्षा सलग काही दिवस चालते, तेव्हा राहण्याची सोयही त्या हिशेबाने.

आयएसएस हुकलं तर

सीजीएलमधून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी, म्हणजे जेएसओ, हे पद मिळतं. कोणतीही पदवी आणि बारावीला गणितात किमान ६० टक्के, किंवा पदवीला संख्याशास्त्र, यांपैकी एक पुरे; वयोमर्यादा ३२. मूळ वेतन ३५,४०० रुपये. दुसऱ्या टप्प्यात संख्याशास्त्राचा वेगळा पेपर असतो. तो आयएसएसच्या तयारीतच होऊन जातो, म्हणून दोन्ही अर्ज एकाच वर्षी भरणारे पुष्कळ असतात.

राज्यात नियोजन विभागाच्या अखत्यारीत अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे. दर अर्थसंकल्पी अधिवेशनात गाजणारी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी हेच तयार करतं आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांचं कार्यालय असतं. अन्वेषक, सांख्यिकी सहायक, सहायक संशोधन अधिकारी अशी पदं इथे असतात. संख्याशास्त्राबरोबरच गणित आणि अर्थशास्त्राच्या पदवीधरांचाही विचार होतो, मात्र कोणत्या पदाला पदवी आणि कुठे पदव्युत्तर, हे प्रत्येक जाहिरातीत पदनिहाय पाहावं. इथे राज्याच्या नमुन्यातले दाखले, अधिवास आणि जात वैधता प्रमाणपत्र लागतात. म्हणजे केंद्र आणि राज्य दोन्हीकडे प्रयत्न करणाऱ्याने दाखल्यांचे दोन संच काढायचे, आणि वैधता समितीकडे अर्ज एमएस्सीच्या पहिल्याच वर्षी टाकायचा, कारण तिथला वेळ आपल्या हातात नसतो.