पीटमधले भुंगे आणि उभी वाळलेली जंगलं

इंदुरात वर्षाचे गहू भरणाऱ्या घरांत मेलेल्या भुंग्यांची टरफलं सगळ्यांच्या ओळखीची. मऊ अंग कुजून जातं, पाठीवरचे कडक पंख उरतात. जंगलातल्या भुंग्याचंही तसंच.

1997 च्या सुमारास मंडला-बालाघाटकडची सालवृक्षांची जंगलं बोरर भुंग्याने पोखरली. झाडं उभ्या उभ्या वाळली की कुणाचा तरी कोप झाला म्हणणारे निघतातच. पण अशा साथी पूर्वीही येत होत्या का, हे तपासता येतं. वनखात्याचे कागद फार मागे नेत नाहीत. त्यापलीकडे पीट लागतं, म्हणजे दलदलीत साचलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून भुंग्याचं किटिन या चिवट पदार्थाचं कवच हजारो वर्षं टिकतं. ते दगड झालेलं नसतं, मूळचं कवचच असतं. कधी कधी पंखांची चमकही शाबूत असते. माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हवा आत शिरते, म्हणून तिथे हे मिळणं कठीण.

पीटचे 5 सेंटिमीटरचे थर कापून दर थरातून 5 ते 10 लिटर माल घेतात, आणि तो 0.3 मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात. मग खरी गंमत: प्राचीन कीटकांचे ब्रिटिश अभ्यासक रसेल कूप यांनी रूढ केलेलं रॉकेल. चाळणीवरचा गाळ नीट निथळू द्यायचा, हलक्या हाताने त्यात रॉकेल चोळायचं, जास्तीचं ओतून काढायचं आणि वर गार पाणी घालायचं. कवचावर मेणाचा थर असतो, त्याला तेल चिकटतं आणि तुकडे तरंगतात. पाणी प्यालेली पानं-काटक्या तळाला बसतात. निथळण्यात घाई केली तर तेल कवचापर्यंत पोचत नाही. पीट आधीच वाळलं असेल तर काटक्यांतही हवा शिरते आणि सगळंच तरंगतं. तरंगलेला माल साबणाच्या पाण्याने धुऊन अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. डावे पंख 7, उजवे 5, डोकी 4 मिळाली तर भुंगे किमान 7.

लंडनच्या हॅम्पस्टेड हीथ या माळावर असे जुने भुंगे सापडले. सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या थरात एल्म या झाडाचे परागकण एकाएकी घटतात, म्हणजे झाडंच कमी झाली, आणि त्या थराच्या जरा खालीच एल्मची साल पोखरणारा भुंगा सापडला. हाच भुंगा आज एल्मच्या बुरशीरोगाचा वाहक आहे. पण भुंगा सापडला म्हणजे साथ सिद्ध झाली, हा निष्कर्ष उतावळा आहे. त्याच सुमारास शेतकरीही जंगल तोडू लागले होते. शिवाय वर्षाला अर्धा मिलिमीटर पीट साचत असेल, तर 5 सेंटिमीटरच्या थरात शंभर वर्षं एकत्र असतात. चार वर्षांची साथ त्यात विरघळून जाते. ती पकडायची तर थर पातळ कापावे लागतात, आणि मग पंख मोजके मिळतात.