मध्यस्थ व्हायचंय? मराठवाड्यात अर्ज कुठं द्यायचा, कागदं कोणती लागतात

धुऱ्याच्या भांडणात गाव तुम्हाला बोलावतं, चार माणसं तुमचं ऐकतात. चांगलंच आहे, पण तेवढ्यावर न्यायालय तुमच्याकडं प्रकरण पाठवत नाही. गावचा पंच निवाडा देतो. मध्यस्थाला निवाडा द्यायची मुभाच नाही. दोन्हीकडचं ऐकायचं, लागलं तर एकेकाला वेगळं बसवून बोलायचं आणि तोडगा त्यांच्याच तोंडून निघेस्तोवर धीर धरायचा. आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही, अगदी न्यायाधीशांपुढंही.

चौकशीची मुख्य जागा म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. परभणी असो की लातूर, जिल्हा न्यायालयात जाऊन प्राधिकरणाच्या सचिवांचं कार्यालय विचारा.

न्यायालयाच्या मध्यस्थ यादीत मुख्यतः अनुभवी वकील आणि निवृत्त न्यायाधीश असतात. निवड झाली की ४० तासांचं प्रशिक्षण. सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीनं घालून दिलेला हा पाया आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र त्याच्या जागी चालेल असं समजून पैसे घालवू नका. अर्जासोबत वकिलीची सनद, कायद्याची पदवी, वकील संघाचा अनुभवाचा दाखला, आधार, फोटो आणि आजवरच्या कामाची माहिती तयार ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या वकील भगिनींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत आधीच जोडावी. सनदेवर एक नाव, आधारवर दुसरं, एवढ्यावरून कागदं परत येतात.

वकील नसाल तर याच प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक व्हा. इथं शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बाया, कायद्याचे विद्यार्थी, सगळ्यांना वाव आहे. शिक्षणाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, ओळखपत्र, फोटो घेऊन जायचं. मुलाखत आणि प्रशिक्षणही होतं. स्वयंसेवक न्यायालयीन मध्यस्थ नसतो, पण भांडण लोकअदालतीपर्यंत आणायचं काम तोच करतो. माणसं वाचायला शिकायची तर याहून चांगली शाळा मला तरी माहीत नाही. तालुक्याच्या विधी सेवा समितीतही विचारता येईल.

आता पोटापाण्याचं. दोन्हीकडं मिळतं ते मानधन, पगार नव्हे. सुरुवातीला वकिली सोडून यात उडी घेऊ नका. खरी कमाई व्यापारी वादांत आहे. ३ लाख किंवा त्याहून जास्त रकमेच्या व्यापारी वादात तातडीचा आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे (व्यापारी न्यायालय कायदा, कलम १२-अ). जालन्यातले लोखंड-बियाण्यांचे व्यवहार, लातूरच्या आडतीतली थकलेली उधारी: हिशेबाची वही वाचता येणाऱ्या वकिलाला इथं काम आहे.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात मध्यस्थी पुरी करायला १२० दिवसांची मुदत आहे, दोन्ही पक्ष राजी असतील तर आणखी ६०. तडजोड लेखी हवी, दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात, खाली मध्यस्थाची सही. जमिनीचा वाद असेल तर गट नंबर आणि चतुःसीमा सातबारा-नकाशा समोर ठेवूनच लिहा. तोंडी सांगितलेल्या धुऱ्यावर भरवसा ठेवू नका.